दोन रेषांच्या मधलं घर

इकॉनॉमिक्सचं कुठलंही सुरुवातीचं पुस्तक उघडा. पहिल्या दोन-तीन प्रकरणांत एक फुली हमखास भेटते. एक रेषा वरून खाली घसरत येते, ती मागणीची. दुसरी खालून वर चढत जाते, ती पुरवठ्याची. दोघी जिथे एकमेकींना कापतात, तो म्हणे बाजारभाव. झालं! परीक्षेत एवढं काढायचं, चार बाण दाखवायचे, खाली दोन ओळी लिहायच्या की पाच मार्क खिशात. पुढे आयुष्यात या फुलीशी आपला काही संबंध येत नाही, असं बहुतेकांना वाटतं.

माझं तसं नाही. मला ती रोज भेटते. कारण माझी नोकरी आहे पुण्यात, बाणेरच्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये, आणि माझं घर आहे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात. घरी चार एकर कांदा. म्हणजे महिन्याचे पंचवीस दिवस मी मागणीच्या रेषेवर राहते आणि सणासुदीला पुरवठ्याच्या रेषेवर जाते. लाल डब्यात बसून.

लासलगाव हे नाव तुम्ही पेपरात वाचलेलं असतंच. १९४७ पासूनची बाजार समिती, आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळख. तिथे सकाळी काय भाव फुटला, यावर आमच्या घरात दुपारच्या जेवणात गप्पा होणार की शांतता, हे ठरतं. आणि मी जिथे जेवते त्या ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याच भावावर जोक होतात. ‘आज सॅलडमध्ये कांदा आहे, कुणाचं अप्रेझल झालं?’ वगैरे वगैरे.

गेल्या वर्षी मी ऑफिस सांभाळून, शनिवार-रविवारचा एक मॅनेजमेंटचा कोर्स सुरू केला. पहिल्याच सेमिस्टरला मायक्रो इकॉनॉमिक्स. सरांनी फळ्यावर ती फुली काढली, वर्गातल्या निम्म्या लोकांनी टेबलाखाली मोबाइल काढले आणि मी मात्र वहीत पहिल्यांदाच आपल्या घराचा नकाशा पाहावा तशी त्या फुलीकडे बघत बसले. त्या नकाशाचीच ही गोष्ट. परीक्षेसाठी नाही हं. पुढच्या वेळी भाजीचं बिल बघताना उपयोगी पडेल म्हणून.

कात्रीचं कुठलं पातं?

आधी एक नेहमीचा वाद मिटवून टाकू. किंमत ठरवतं कोण? आमच्या टीममध्ये याची दोन ठाम उत्तरं आहेत. एक, ‘व्यापारी लुटतात, बॉस.’ दोन, ‘शेतकरी माल दाबून ठेवतात.’ 

आल्फ्रेड मार्शल नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १८९० साली आपल्या जाडजूड ग्रंथात या वादाला छान उत्तर दिलं. त्याच्या काळातही भांडण तेच होतं. वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून ठरते की ती बनवायच्या खर्चावरून? मार्शलचं म्हणणं असं की कात्रीने कागद कापला तो वरच्या पात्याने की खालच्या, असं विचारण्यासारखंच हे आहे. दोन्ही पाती लागतात. मागणी हे एक पातं, खर्चातून येणारा पुरवठा हे दुसरं.

पण गंमत पुढे आहे. या रेषांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ एकाच गोष्टीचा होतो. रेषेवरून सरकणं वेगळं आणि अख्खी रेषाच सरकणं वेगळं. 

कांदा महागला म्हणून तुम्ही दोन किलोऐवजी एक किलो घेतला. तुमची मागणीची रेषा जागची हललेली नाही. तुम्ही तिच्यावरून थोडे वर चढलात, इतकंच. आता आषाढ आठवा. शुद्ध नवमीला कांदेनवमी. भजी, थालीपीठ, कांद्याची भाकरी, जे काय खायचं ते खाऊन घ्या, कारण दोन दिवसांनी एकादशी आणि चातुर्मास सुरू. पुढे कित्येक घरांत कांदा-लसूण बंद. इथे भाव दहा रुपये असो की पन्नास, घेणाराच घेत नाही. अख्खी रेषा उचलून डावीकडे ठेवल्यासारखी. नवरात्र संपलं, दिवाळी झाली, की ती पुन्हा उजवीकडे.

पुरवठ्याचंही तेच. भाव चढला म्हणून दादाने चाळीतून दोन ट्रॉल्या जास्त काढल्या, हे रेषेवरून सरकणं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस कोसळला आणि शेतातला लाल कांदा सडला, हे रेषेचं सरकणं. पहिल्यात निर्णय माणसाचा असतो. दुसऱ्यात आभाळाचा. किंवा दिल्लीचा.

८ डिसेंबर २०२३ ची सकाळ मला चांगली आठवते. आदल्या रात्री केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलंच होतं, आता थेट बंदी. सकाळी फोनवर दोन मेसेज शेजारीशेजारी. ऑफिसच्या लंच ग्रुपवर, ‘फायनली! कांदा स्वस्त होणार’, पुढे नाचणारी बाई. घरच्या ग्रुपवर दादाने पाठवलेला फोटो. ट्रॅक्टरची रांग, आणि लिलाव बंद. 

दोन्ही मेसेज त्याच एका आलेखावरचे होते. परदेशातलं गिऱ्हाईक कायद्याने बाजूला झालं, मागणीची रेषा डावीकडे आली, फुली खाली सरकली. खालच्या फुलीला पुण्यात ‘दिलासा’ म्हणतात आणि निफाडात ‘भाव पडला’ म्हणतात. ती बंदी ४ मे २०२४ ला उठली, शुल्क मात्र पुढे १ एप्रिल २०२५ पर्यंत कमी-जास्त प्रमाणात चालू राहिलं.

थोडासा कमी, भाव दुप्पट!

‘पण यार, माल थोडासाच कमी झाला तर भाव एवढा कसा उडतो?’ हा माझ्या टीम लीडचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. 

समजा तुमच्या लाडक्या कॉफी शॉपने कॉफी ३० टक्के महाग केली. तुम्ही काय कराल? चहा प्याल. मशीनची कॉफी प्याल. म्हणजे तुमच्याकडे दुसरा रस्ता आहे. कांद्याला दुसरा रस्ता नाही. फोडणीला, मसाल्याला, मिसळीवर, पावभाजीवर कांदा लागतोच. कोबी चिरून घालणारी हॉटेलं बघितलीत ना? गिऱ्हाईक लगेच ओळखतं! त्यामुळे भाव वाढला तरी मागणी फारशी कमी होत नाही. पुस्तकी भाषेत, मागणी अलवचीक. आलेखावर ही रेषा जवळजवळ उभी दिसते. आणि रेषा उभी असली की पुरवठा इंचभर हलला तरी भाव हातभर हलतो.

हे कांद्यातून कळलेलं शहाणपण नाही. इंग्लंडमध्ये १६९९ साली चार्ल्स डेव्हनंटने धान्याचा एक तक्ता छापला होता. त्याचं श्रेय ग्रेगरी किंग या त्याच्या समकालीनालाही देतात. त्या तक्त्यात पीक एक दशांश कमी आलं तर भाव तीन दशांश वाढतो. दोन दशांश कमी आलं तर आठ दशांश. आणि निम्मं पीक गेलं तर भाव साडेचार पटींनी वाढतो. सव्वातीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट! लासलगावच्या फलकासमोर उभं राहून हा तक्ता वाचला तर फार काही बदललंय असं वाटत नाही.

याची दुसरी बाजू मात्र कँटीनमध्ये कुणी विचारत नाही. ही उभी रेषा दोन्हीकडे कापते. पीक थोडं जास्त आलं की भाव धाडकन खाली. कांदा पाच रुपये किलो झाला म्हणून कुणी दिवसाला चार कांदे जास्त खातं का? नाही ना? म्हणजे पीक उत्तम आलेल्या वर्षी घरात आनंद असायला हवा, तर नेमकं त्याच वर्षी अण्णा ओट्यावर गप्प बसलेले असतात. देशात पिकणाऱ्या कांद्यापैकी छोटासाच हिस्सा परदेशी जातो, तरी निर्यात बंद झाली की एवढा गदारोळ का होतो, त्याचं उत्तरही याच उभ्या रेषेत आहे.

खर्चाला तीन तारखा असतात

आता फुलीतली चढती रेषा. ही बिचारी कुणी समजावूनच सांगत नाही. मागणी आपल्याला कळते, कारण आपण गिऱ्हाईक असतो. पुरवठ्याची रेषा चढती का? पुस्तक म्हणतं, खर्चामुळे. आणि पुढच्या प्रकरणात सात-आठ कॉस्ट कर्व्ह अंगावर येतात. फिक्स्ड, व्हेरिएबल, अॅव्हरेज, मार्जिनल... वर्गातली निम्मी जनता इथेच गारद.

मी ते कर्व्ह घरच्या वहीवर बसवून पाहिले. समजायला सोपं जावं म्हणून एका एकराचे गोल आकडे घेऊ. बियाणं, रोप, लागवडीची मजुरी, खत, फवारणी, पीक शेतात उभं राहीपर्यंत ६० हजार. काढणी, पात कापणं, भरणं, गाडीभाडं, हमाली, तोलाई, म्हणजे शेतातून बाजारापर्यंत ३० हजार. आणि विहीर, ठिबक, चाळ यांच्या हप्त्यातला एकरी वाटा ४० हजार, तो कांदा लावा नाहीतर लावू नका, द्यायचाच. कांदा निघाला १०० क्विंटल. म्हणजे क्विंटलमागे सगळा खर्च १३०० रुपये.

आता सांगा, भाव किती मिळाला तर कांदा विकायचा? 

तुम्ही म्हणाल, १३००. चूक नाही, पण अर्धं उत्तर आहे. कारण तुम्ही तो प्रश्न कुठल्या तारखेला विचारताय, यावर उत्तर बदलतं.

पीक शेतात तयार उभं आहे, तेव्हा ६० हजार गेलेत. ४० हजार तर जायचेच आहेत. हातात उरलेला निर्णय फक्त त्या ३० हजारांचा. भाव ४०० असेल तर ४० हजार येतील, ३० हजार जातील, दहा हजार उरतील. तोटा ९० हजारांचा, पण न काढता तो एक लाखाचा झाला असता. म्हणून काढायचा. भाव २५० असेल तर २५ हजारांसाठी ३० हजार घालायचे. तोटा एक लाख पाच हजार. म्हणून काढायचा नाही. 

टीव्हीवर उभ्या कांद्यावर रोटर फिरवणारा शेतकरी तुम्ही पाहिला असेल. खाली पट्टी असते, ‘संतप्त शेतकऱ्याने पीक उद्ध्वस्त केले’. संताप असतोच हो. पण तो माणूस त्या क्षणी इकॉनॉमिक्सच्या पुस्तकातला शट-डाउनचा नियम अचूक पाळत असतो. भावातून पुढचा खर्चही निघत नसेल तर थांबा. वर्गात सरांनी हा नियम सांगितला तेव्हा सगळ्यांनी लिहून घेतला. मला त्यातला ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येत होता.

आणि हिशेब चुकवणारा भाव कसा असतो? फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन पट्टी निघाली २ रुपये ४९ पैशांची, आणि चेक मिळाला २ रुपयांचा. देशभर त्या चेकचा फोटो फिरला.

दुसरी तारीख लागवडीच्या आधीची. तेव्हा ६० आणि ३० दोन्ही हातात असतात. क्विंटलला किमान ९०० सुटतील असं वाटलं तरच लावायचा. तिसरी तारीख नवी चाळ बांधायच्या, कर्ज काढायच्या आधीची. तेव्हा सगळंच हातात असतं. इथे मात्र १३०० च्या खाली परवडत नाही. पुस्तकात याला शॉर्ट रन आणि लाँग रन म्हणतात. लोकांना वाटतं, शॉर्ट रन म्हणजे सहा महिने आणि लाँग रन म्हणजे पाच वर्षं. कॅलेंडरशी त्याचा संबंध नाही. अजून काय काय बदलता येतं, एवढाच प्रश्न असतो.

राहिली मार्जिनल कॉस्ट, म्हणजे सीमांत खर्च. आणखी एक क्विंटल बाजारात न्यायला आणखी किती पैसे लागतील, तो खर्च. रस्त्याकडेच्या वाफ्यातला मोठा कांदा काढायला स्वस्त. मग आतले वाफे. मग सगळ्या गावाची काढणी एकदम आली की मजूर मिळेनात, रोज वाढला. शेवटी उरते गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. तो वेचायला वेळ जास्त, वजन कमी. दर पुढचा क्विंटल महाग. भाव चांगला असला की गोल्टीही बाजारात जाते. भाव उतरला की सगळ्यात आधी गोल्टी शेतात राहते. पुरवठ्याची ती चढती रेषा म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, हीच सीमांत खर्चाची रेषा आहे. फक्त त्या रोटरच्या पातळीच्या वरची.

आणि सरासरी खर्चाची रेषा वाटीसारखी का? चाळीचा हप्ता एका एकरावर टाकला तर कांदा सोन्याचा होतो. चार एकरांवर वाटला तर हलका होतो. आठ एकर करायला गेलात तर पाणी पुरत नाही, माणसं मिळत नाहीत, खर्च पुन्हा वर. 

हे डोक्यावरून जात असेल तर वाईट वाटून घेऊ नका. १९३१ साली जेकब व्हायनर या नामांकित अर्थतज्ज्ञाने कॉस्ट कर्व्हवर लेख लिहिला. लाँग रनची रेषा प्रत्येक छोट्या वाटीच्या अगदी तळाला स्पर्श करत जाईल, अशी काढ, असं त्याने आकृत्या काढणाऱ्या डॉ. वाँग या गणितज्ञाला सांगितलं. वाँगने सांगितलं, असं होऊच शकत नाही. व्हायनरने त्याचं ऐकलं नाही, आणि आज तो लेख जितका त्यातल्या विचारासाठी प्रसिद्ध आहे, तितकाच त्या आकृतीसाठीही!

चाळीतला जुगार

‘मग भाव पडला की विकायचा नाही. साठवायचा. सिंपल!’ हे सल्ले मला मिळत असतात. 

साठवतातच. मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत जातो आणि पार दिवाळीपर्यंत देशाला पुरतो. ऑगस्ट-सप्टेंबरात तुम्ही खाता तो कांदा बहुतेक करून चाळीतलाच. पण कांदा म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट नव्हे. तो श्वास घेतो, वाळतो, सडतो, कोंब काढतो. चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा गेला तर कुणाला नवल वाटत नाही. आता गणित करा. मेमध्ये भाव १२०० होता. १०० क्विंटलचे ७५ राहिले. तेवढेच पैसे हातात यायला सप्टेंबरात भाव १६०० हवा. म्हणजे तेहतीस टक्के वाढ फक्त जागच्या जागी राहायला! दाबून ठेवणं म्हणतात ते हे.

आणि पुढच्या वर्षीचं काय? यंदा भाव चढला की सगळा तालुका कांदा लावतो. बियाणं महागतं, रोप महागतं. चार महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदम येतो, भाव पडतो. मग पुढच्या वेळी कुणी लावत नाही, आणि भाव पुन्हा चढतो. आलेखावर हा प्रवास रेघेने काढला तर फुलीभोवती चक्क कोळ्याचं जाळं तयार होतं. निकोलस काल्डोरने १९३४ साली याला तेच नाव दिलं, कोबवेब. सगळे आजचा भाव बघून उद्याचं पीक ठरवतात, हा यातला कळीचा मुद्दा. यात कुणी मूर्ख नसतं. एकट्याने पाहिलं तर प्रत्येकाचा निर्णय बरोबर असतो. सगळ्यांचा मिळून जाळं होतं.

तुमच्या किलोच्या बिलातलं शेतकऱ्यापर्यंत पोहोचतं किती, हेही सांगून टाकते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातले साधारण ३६ पैसे. बाकीचे वाटेत खर्च होतात. काही गाडीभाड्याला, काही घटीला, काही मधल्या हातांना.

लावू की नको?

ही दिवाळी आमच्या घरी जरा वेगळी गेली. फराळ झाला, भाऊबीज झाली, आणि रात्री दादाने वही पुढे ठेवली. ‘एवढं शिकतेस ना तू? मग सांग. चार एकर लावू की नको? आणि चाळ जुनी झालीय. कर्ज मिळतंय. बांधू?’

अण्णा पेपरामागे. पण पेपराचं पान काही उलटत नव्हतं. वहिनी दारात. तिच्या डोक्यात काय होतं, ते मला माहीत होतं. दादाला माझ्या ओळखीने पुण्यात कुठे काही मिळेल का, हे तिने मला सकाळीच हळूच विचारलं होतं.

मी म्हटलं, ‘दादा, तू दोन वेगळ्या तारखांचे प्रश्न एकत्र विचारतोयस.’ लावायचा की नाही याला ९०० चा हिशेब. चाळीला १३०० चा. गेल्या पाच वर्षांच्या पट्ट्या काढल्या. कुठली पट्टी ९०० च्या वर, कुठली १३०० च्या वर, दोन खुणा करत गेलो. ९०० च्या वर बऱ्याच होत्या. १३०० च्या वर तुरळक, आणि त्याही दोनच वर्षांतल्या. 

दादा बराच वेळ त्या खुणांकडे बघत होता. मग म्हणाला, ‘म्हणजे लावायला परवडतं, पण राहायला परवडत नाही.’ 

अहो, आमच्या सरांना शॉर्ट रन आणि लाँग रन सांगायला दोन लेक्चर्स लागली होती!

शेवटी ठरलं ते असं. नवी चाळ नाही, जुनीच दुरुस्त करायची. कांदा अडीच एकर. उरलेल्या दीड एकरात हरभरा. हे बरोबर ठरेल की नाही, ते उन्हाळ्यात लासलगावचा फलक सांगेल. दादाच्या नोकरीचा विषय कुणी काढला नाही. पण तो संपलाय, असंही नाही.

वही मिटायच्या आधी मला एक गोष्ट खटकली. त्यात बाहेरच्या बायकांची मजुरी होती. आईची नव्हती. पिकांचा खर्च काढणारा केंद्राचा कृषिमूल्य आयोग याचे वेगवेगळे हिशेब ठेवतो. खिशातून गेलेला खर्च तो ‘ए टू’. त्यात घरच्या माणसांच्या कष्टांची किंमत मिळवली की ‘ए टू प्लस एफएल’. आणि स्वतःच्या जमिनीचं भाडं, स्वतःच्या पैशांवरचं व्याजही धरलं की ‘सी टू’. हमीभावाच्या भांडणांत ही अक्षरं सारखी येतात. कांदा हमीभावाच्या यादीत नाहीच, त्यामुळे आमच्या वहीला हे रकाने कधी पडले नव्हते.

मी एक नवा रकाना आखला. रोप उपटणं, लागवड, खुरपणी, पात कापणं, चाळ निवडणं. आईला विचारत विचारत दिवस मोजले. ऐंशी भरले. रोज ३५० रुपयांनी २८ हजार. चार एकरांच्या ४०० क्विंटलवर वाटले तर क्विंटलमागे ७० रुपये. तेराशेचे १३७० झाले. अजून अण्णा, दादा आणि वहिनी मांडायचे बाकी होते.

आई चष्मा लावून जवळ आली. आकड्यावर बोट ठेवलं.

‘बाई गं! एवढे पैसे मला कोण देणार?’

‘कुणीच नाही.’

‘मग लिहिलेस कशाला?’

‘माहीत असावेत म्हणून.’

तिने पुन्हा एकदा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. मग पेन माझ्या हातात परत दिलं.

‘चाळ निवडायचे दिवस कमी धरलेस. भाद्रपदातले राहिलेत. ते पण लिही.’